सुलू, तू टाकलेली ती दोन पानं

सुलू, तू मला फसवलंस. तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलावर, भर दुपारी कुंदा आणि हंसाबेनच्या डोळ्यांदेखत तू मला फसवलंस, आणि मी जाब विचारायच्या आत निघून गेलीस.

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून दे, असं कुंदा म्हणाली. गोड लिहायला बाकीचे आहेत. तू मनमिळाऊ होतीस, सगळ्यांना धरून होतीस, तुझ्या सोलकढीला तोड नव्हती, असं सगळं येईलच. तू मनमिळाऊ नव्हतीस. सोलकढीत तू मिरची जास्त घालायचीस आणि सांगितलं तर म्हणायचीस, तुझी जीभ नाजूक. मी माझ्यापुरतं लिहिते, आणि रागात लिहिते. ‘चिडलीस की दोन डाव सोडायचे, पाणी प्यायचं, मग पानं उचलायची,’ हे तूच शिकवलंस. सोडले दोन डाव. प्यायले पाणी. राग आहे तिथेच आहे.

आपली पहिली गाठ पडली तीही सौद्यात. विमानतळाजवळच्या तुमच्या हॉटेलनं खोल्यांचं फर्निचर बदलायला काढलं होतं आणि जुना माल उचलायला मी आले होते. मरोळचं माझं गोडाऊन तेव्हा नवं होतं. बंद पडणाऱ्या ऑफिसांची टेबलं-खुर्च्या उचलायच्या, दुरुस्त करायच्या, नव्यानं उघडणाऱ्या ऑफिसांना विकायच्या. गिरणी सुटून घरी बसलेल्या बापाची मी मुलगी, भांडवल म्हणजे तोंड. त्या तोंडावर मी टाय लावलेल्या मॅनेजरांना घाम फोडलेला होता. तुमच्या हॉटेलनं माझ्यासमोर मॅनेजर बसवलाच नाही. हाउसकीपिंगची सुपरवायझर बसवली. कडक इस्त्रीची साडी आणि अंबाड्यात खोचलेलं पेन.

मी भाव सांगितला. तू काही बोलली नाहीस. मी कारणं दिली, पॉलिश गेलंय, ड्रॉवर अडकतात, आत वाळवी असायची शक्यता आहे. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, भाव फारच पाडला, म्हणून मी थोडा वाढवला. तू गप्प. आणखी वाढवला. मग तू मान वळवलीस आणि म्हणालीस, “चहा घेणार?”

टेम्पोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तासभर त्या खोलीत मी एकटीच स्वतःशी घासाघीस करत होते.

त्या मालातलं एक गोल टेबल, मेजवानीच्या हॉलमधलं, तुला घरी हवं होतं. ते पोचवायला मी आले तेव्हा तू दारातच म्हणालीस, “तुला बोलता झकास येतं गं. गप्प बसता येत नाही. शनिवारी दुपारी ये, शिकवते.” मला वाटलं, ध्यान-बिन असेल. शनिवारी आले तर टेबलावर हिरवी चादर, एक पत्त्यांचा कॅट आणि बिस्किटांच्या डब्यात बटणं. तुमच्या हॉटेलच्या लाँड्रीत पाहुण्यांच्या कपड्यांची सुटून पडलेली, कुणी परत न मागितलेली बटणं तू वर्षानुवर्षं साठवली होतीस. शर्टाचं पांढरं म्हणजे एक, कोटाचं काळं म्हणजे पाच, आणि ब्लेझरचं पितळी एकच होतं, त्याचं काम वेगळं. पैसे लावायचे नाहीत हा पहिला नियम. पोकर तुला कॅन्टीनच्या म्हाताऱ्या कुकनं शिकवलं होतं. तो तरुणपणी बोटीवर होता. दुपारची पाळी संपली की चादरींच्या स्टोअरमध्ये तुमचा डाव बसायचा.

पुढे खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय, हे तूच मला कळवलंस आणि मी तुझ्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. दुसऱ्या मजल्यावरची कुंदा, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, आपली पानं वाटायला लागली. ती खेळायची कमी. पण तिच्यासारखं पिसणं कुणाला जमलं नाही. आणि समोरच्या हंसाबेन. त्यांचा जन्म घाटकोपरचा, श्रावणातल्या सातम-आठमला घरात तीन पत्ती खेळत त्या मोठ्या झालेल्या. पानं न बघताच खेळायच्या आणि जिंकल्या की हात जोडून कान्हाला श्रेय द्यायच्या.

तीन पत्ती मलाही येत होती. गणपतीत गावाला खेळलेली. तेच आमच्या मुळावर आलं. हातातली पानं आवडली की आम्ही सोडायचोच नाही. तू डोक्याला हात लावायचीस.

“तीन पत्तीत पानं झाकलेली, तिथं छाती चालते. इथं मधली पाच उघडी आहेत, सगळ्यांची आहेत. हातातल्या दोन पानांवर प्रेम करू नका गं. बहुतेक डाव टाकायचेच असतात.”

“टाकायचे तर वाटायचे कशाला?” मी विचारलं.

“चांगलं कुठलं ते कळावं म्हणून.”

“अने आम्ही टाकत बसू तर मजा कधी येणार?” हंसाबेन म्हणाल्या.

“हंसाबेन, मजा पाहिजे तर तंबोला खेळा.”

आणखी एक खोड मला तीन पत्तीची होती. तिथं साइड शो असतो. शेजारणीला विचारायचं, ती तयार झाली तर दोघींनी गुपचूप एकमेकींची पानं बघायची, कमी असेल तिनं टाकायची. सौदे करणाऱ्या माणसाला हे फार आवडतं. शेवटी खरा भाव कळतो. पोकरमध्ये तुझ्या बटणांना घाबरून मी डाव सोडला, किंवा तूच पानं टाकलीस, की मी हात पुढे करायचे, “दाखव काय होतं.” तू पानं पालथी घालून कुंदाकडे सरकवायचीस.

“इथं साइड शो नाही.”

“अगं, डाव संपला. आता दाखवायला काय जातं?”

“बघायचं होतं तर माझ्याएवढी बटणं भरायची होतीस. भरणाऱ्याला बघायला मिळतं. फुकट नाही.”

यावरून आपण किती भांडलो. माझं म्हणणं होतं, संपलेल्या गोष्टीचं गुपित ठेवण्यात अर्थ नाही. तुझं म्हणणं होतं, जे टाकलं ते कायमचं टाकलं, त्याचा माग काढायचा नाही, म्हणजे माणूस पुढच्या डावाला मोकळा होतो. हा वाद कधी मिटला नाही. मी खालच्या मजल्यावर जाईपर्यंत जिन्यात भांडायचे आणि तू वरून कठड्यावर वाकून उत्तर द्यायचीस.

तू मला जे शिकवलंस ते नाकारत नाही. रागावलेली आहे, नमकहराम नाही. शेवटी बोलावं, हे तुझ्याकडून शिकले. ते पितळी बटण जिच्यासमोर येईल ती सगळ्यांच्या मागून बोलणार, आणि मागून बोलणाऱ्याला सगळ्यांचं कळलेलं असतं, म्हणून त्या जागेवरून थोडी हलकी पानंसुद्धा खेळावीत. मी ते मरोळला वापरलं. समोरच्याला आधी आकडा बोलू द्यायला लागले आणि धंदा बदलला. एकदा साकीनाक्याच्या एका कॉल सेंटरच्या खुर्च्यांसाठी मी महिनाभर हेलपाटे घातले होते. गाडी ठरवली, माणसं ठरवली, आणि उचलायच्या दिवशी बघते तर बसल्यावर खुर्च्या खाली जातात, सगळ्यांचे दांडे गेलेले. पूर्वीची शोभा इतकी दगदग केली म्हणून हट्टानं घेऊन आली असती. पण तू सांगितलं होतंस, मध्ये टाकलेली बटणं आपली राहत नाहीत, ती डावाची झाली, त्यांच्यासाठी आणखी टाकायची नाहीत. मी उठले. गाडी रिकामी परत आणली. तुला वर येऊन सांगितलं तेव्हा तू माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलंस.

आणि खोटं बोलणं. ते तर तू शास्त्रासारखं शिकवलंस. “हातात काही नसताना लावायचं असेल तर पहिल्या पानापासून एकच गोष्ट सांग. मध्येच गोष्ट बदललीस की ऐकणारी उठते.” “हंसाबेनला कधी खोटी गोष्ट सांगू नकोस. ती पानं टाकतच नाही. जी ऐकतच नाही तिला गोष्ट सांगून उपयोग काय?” यावर हंसाबेन खूश व्हायच्या. आणि मला तू माझी खूण सांगितलीस, “तुझ्याकडे पानं असली की तू बडबडतेस. खोटी असलीस की एकदम देवळात बसल्यासारखी गप्प. कुणीही ओळखेल.”

आता हंसाबेनच्या त्या दिवसाबद्दल. तुझा वाढदिवस होता. शेवटच्या डावाला हंसाबेननी पानं टाकली, डाव तुला गेला, आणि त्या कौतुकानं म्हणाल्या, “बर्थडे छे ना, सोडून दिलं. माझ्याकडे तीन एक्के होते.” आम्ही हसलो. तू हसली नाहीस. तू सगळी बटणं डब्यात ओतलीस, झाकण लावलंस.

“खोटं बोलणं हा खेळ आहे, हंसाबेन. मुद्दाम हरणं ही लबाडी आहे. या टेबलावर तेवढी एकच लबाडी आहे.”

“अगं बाई, प्रेमानं केलं.”

“प्रेमानं केली तरी लबाडीच. आता मागचे सगळे डाव मला संशयानं बघावे लागतील. मी जिंकले की तुम्ही जिंकवलं?”

त्या दिवशी केकसुद्धा कापला नाहीस. हंसाबेन पुढच्या शनिवारी ढोकळा घेऊन आल्या तेव्हा कुठे डबा उघडला. हे मी विसरलेले नाही, सुलू. तुझाच कायदा. त्याच कायद्यानं मी तुझ्याकडे बोट दाखवते आहे.

तुझे गुडघे गेले. हळूहळू गेले आणि मग एकदम गेले. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आधी तू खाली यायची बंद झालीस, मग भाजीला दोरीची टोपली आली, मग तू खिडकीतून बिल्डिंगवर लक्ष ठेवायला लागलीस आणि कोण कुणाची गाडी कुठं लावतो यावर तुझी मतं तयार झाली. मी म्हटलं, गुडघे बदलून घे. तू म्हणालीस, माझे आहेत, मी बघीन. मी डॉक्टर शोधला, हॉस्पिटलशी बोलले, खिडकीजवळची खोली मिळेल असा शब्द घेतला. तू म्हणालीस, “जुना माल उचलायला आलीस काय गं?” तुझी केतकी ठाण्याहून यायची आणि म्हणायची, “आईला पटेल तेव्हा, मावशी. मागे लागू नकोस.” मागे न लागता माझं आयुष्यात कधी काही झालेलं नाही. मी मागे लागले.

मग तो शनिवार. सकाळी तू मोरीत घसरता घसरता वाचलीस, हे मला कुंदानं जिन्यात सांगितलं. तू सांगितलं नाहीस. मी वर आले ती तापलेलीच. म्हटलं, “सुलू, एक डाव. फक्त आपण दोघी. मी जिंकले तर तू ऑपरेशन करून घ्यायचं. तू जिंकलीस तर मी गुडघ्याचं नाव जन्मात काढणार नाही.”

हंसाबेनच्या हातातला कप थांबला. “पैसा नाय लावत तुम्ही अने गुडघा लावते?”

कुंदा म्हणाली, “हे बरं नाही, शोभा.”

तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आता हाकलून देणार. तू म्हणालीस, “कुंदा, वाट.”

मला सत्ती-अठ्ठी आली. तू पहिल्याच फेरीला काळी बटणं लावलीस. मध्ये किलवरचा राजा उघडला, बदामची नव्वी, चौकटची छक्की. म्हणजे मला दश्शी किंवा पंजी आली की सिक्वेन्स. तू लावलंस, मी भरलं. चौथं पान इस्पिकची दुर्री, कुणाच्या कामाची नाही. तू लावलंस, मी भरलं. पाचवी चौकटची राणी. माझं काहीच झालं नाही. सुलू, माझ्याकडे जोडीसुद्धा नव्हती. नुसती अठ्ठी.

तू टेबलावर बोट आपटलंस, म्हणजे पुढे काही लावत नाही. पितळी बटण माझ्यासमोर होतं. मी गोष्ट तयार केली. राजा आहे, राणी आहे, नव्वी आहे. मधले गुलाम आणि दश्शी माझ्या हातात आहेत, मी सुरुवातीपासून या राणीचीच वाट बघत होते. गोष्ट पहिल्या पानापासून जुळत होती. मी होती नव्हती ती सगळी बटणं पुढे ढकलली. आणि गप्प बसले नाही. सुरमईचा भाव सांगितला, गोडाऊनच्या शेजाऱ्यानं पत्रे कसे वाढवलेत ते सांगितलं, हंसाबेनना त्यांच्या सुनेचं विचारलं. पानं असल्यासारखी बडबडले. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी खेळले नव्हते.

तू तुझ्या पानांकडे एकदाही बघितलं नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस, त्या हॉटेलच्या खिडकीबाहेर बघत होतीस तशी. मग पानं पालथी घातलीस आणि कुंदाकडे सरकवलीस.

“गेले मी. सांग तुझ्या डॉक्टरला.”

मी ओरडले, हंसाबेनना मिठी मारली. आणि कुंदानं तुझी पानं कॅटमध्ये मिसळण्याआधी एक कोपरा उचलून बघितला. तिनं असं कधी केलं नव्हतं. तिचं तोंड बदललं. ती म्हणाली, “मी चहा टाकते,” आणि चहा तर टेबलावर होता.

मी तेव्हा ते बघितलं आणि सोडून दिलं. जिंकलेल्या माणसाला समोरच्याची तोंडं वाचायची गरज वाटत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी तुझ्या उशाशी बसले होते. खिडकीजवळची खोली मिळाली होती. मी विचारलं, “काय होतं गं त्या दिवशी तुझ्याकडे?”

“इथं साइड शो नाही.”

“मी माझी सांगते. सत्ती-अठ्ठी.”

तू इतकी हसलीस की नर्स डोकावली. “अठ्ठीवर माझा गुडघा काढलास?”

“आता तुझी सांग.”

“घरी आल्यावर. नवीन पायांनी खाली येते, तुझ्याकडे डाव मांडू. जिंकलीस तर सांगेन.”

ऑपरेशन चांगलं झालं. तू वॉकर धरून दारापर्यंत चाललीस आणि मला फोन करून म्हणालीस की चप्पल नवीन लागणार. घरी सोडायच्या दिवशी सकाळी रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. डॉक्टर म्हणाले, सगळी काळजी घेऊनही क्वचित होतं. कुणाची चूक नाही. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला जागाच नव्हती.

तेराव्याला तुझ्या स्वयंपाकघरात कुंदा आणि हंसाबेन ताटं पुसत होत्या. मी बाहेरून आले तेव्हा कुंदा म्हणत होती, “तसली पानं कुणी टाकतं का, सांगा मला.” मला बघून ती ताटं मोजायला लागली.

मी तिला जिन्यात गाठलं. “काय होती पानं?”

“टाकलेली पानं विचारायची नाहीत, शोभा. नियम तिचा आहे.”

“ती गेली, कुंदा.”

“नियम नाही गेला.”

त्याच संध्याकाळी निघताना केतकी दारात उभी होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर ती मागे सरकली. “आई म्हणाली होती मला फोनवर. शोभा जिंकली, आता जावं लागणार. मावशी, तुम्ही आईला पत्त्यांत हरवून पाठवलंत.” पावलीएवढी होती तेव्हापासून मला ‘तू’ म्हणणारी पोर. ‘तुम्ही’ म्हणाली. त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही. तुझं घर आवरायला येते, माझ्या दारावरून जाते, बेल वाजवत नाही.

आता माझा राग समजला? तुझ्याकडे एखादी नव्वी असेल, छक्की असेल, अगदी एकटा राजासुद्धा असेल, तर तू टाकलीस ते बरोबर खेळलीस. माझी गोष्ट तुला पटली, तू हरलीस, मी जिंकले. मग केतकी म्हणते ते खरं आहे. मी तुला पाठवलं. ते ओझं माझं, आणि मी ते उचलीन. जड माल उचलत आलेय जन्मभर.

पण तुझ्या हातात दोन राजे असतील तर? मध्ये तिसरा होता. किंवा तेच गुलाम-दश्शी, जे मी माझ्याकडे असल्याचं सोंग करत होते, ते तुझ्याच हातात असतील तर? तुला तर माझी गोष्ट सुरू होताच कळलं असणार की मी खोटी आहे. सुरमईचा भाव तू हसू दाबून ऐकत असशील. तसं असेल तर तू हरली नाहीस. तू डाव टाकून दिलास. तुला ऑपरेशनला जायचंच होतं. मोरीत पाय घसरला तेव्हाच तुझं ठरलं असेल. पण शोभाला ‘बरोबर आहे तुझं’ म्हणायचं म्हणजे जीव गेल्यासारखं, म्हणून तू माझ्या हातात एक विजय कोंबलास आणि केतकीलाही सांगून ठेवलंस की शोभा जिंकली. वाढदिवसाला हंसाबेननी केलं तेच. त्यांनी एक केक बुडवला. तू काय केलंस बघ.

एवढं सोपं होतं गं. ‘हो’ म्हणायचं. एक अक्षर. मी तुला चिडवलं असतं, दोन शनिवार मिरवलं असतं, संपलं असतं.

तू म्हणायचीस, निकालावरून खेळ जोखायचा नाही. बरोबर खेळूनही शेवटचं पान उलटं पडतं, म्हणून खेळणारी चुकली असं होत नाही. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी ते माझ्या कामगारांना सांगते. ते मला आज उपयोगी पडलं असतं. ऑपरेशन बरोबरच होतं, शेवटचं पान वाईट आलं. पण त्या वाक्याचा आधार घ्यायला आधी कळायला तर हवं, डाव खेळलं कोण? मी की तू? तेवढंच तू सोबत घेऊन गेलीस.

गोल टेबल केतकीनं काढून टाकायला सांगितलंय. जुना माल घेणारी मीच, म्हणून वॉचमन माझ्याकडेच आला. मी ते घेतलं नाही. उचलूही दिलं नाही. बटणांचा डबा हंसाबेननी नेलाय. त्या रोज एक दिवा लावतात आणि तो त्याच्या शेजारी ठेवतात.

कुंदा, आता तुझ्याशी बोलते. अंकाचं टायपिंग तूच करतेस, त्यामुळे हे सगळ्यांच्या आधी तू वाचते आहेस. सुलूचा नियम मी पाळला. ती होती तोवर पाळला, भांडत भांडत पाळला. टाकलेली पानं बघायची नाहीत हा नियम तूच मोडलास, कोपरा उचलून. बघितलंस ना, मग आता तू डावात आहेस. साइड शो मागत नाही, जिन्यात कानात सांगू नकोस. केतकीलाही हा अंक जाणार आहे. मी या ओळीच्या खाली जागा सोडली आहे. त्या दोन पानांची नावं तिथं टाइप कर, आणि मगच अंक छापायला दे.